गच्चीचा मिसयूज

लिंबायतच्या आमच्या बिल्डिंगमध्ये उन्हाळ्यातल्या पहिल्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, आईच्याच. ज्वारीचा घाटा शिजवायचा, गच्चीवर ओल्या कापडावर थापायचा आणि वाळला की कापडाला मागून पाणी लावून अलगद सोडवायचा. खानदेशातून सुरतेला येताना तिने बरंच काही मागे सोडलं, बिबड्या सोडल्या नाहीत.

त्या सकाळी आम्ही दोघी घाट्याचं गरम पातेलं धरून वर गेलो, तर गच्चीच्या दाराला कुलूप. शेजारी इंग्रजीत एक कागद चिकटवलेला.

"हाई काय लिखेल शे?" आईने विचारलं.

"गच्चीचा मिसयूज होतोय, म्हणून बंद."

"मिसयूज म्हंजे?"

मी शाळेत इंग्रजी शिकवते, तेव्हा ही तर माझी हक्काची जागा. "जी वस्तू ज्या कामासाठी नाही, त्या कामाला ती वापरणं. गैरवापर."

"मंग गच्ची कसाकरता शे?"

आता आली का पंचाईत! घाटा गार झाला की नीट थापला जात नाही, भिजवण्या-कांडण्याची सगळी मेहनत पाण्यात. आईने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि थेट सेक्रेटरीभाईंची बेल वाजवली.

"बेन, गच्ची पापड माटे नथी," ते म्हणाले. मागच्या वर्षी कुणीतरी उरलेला घाटा तिथेच धुतला आणि पाइप तुंबला होता. त्यांचं चुकत नव्हतं.

"गच्ची मैं धो देगी. पण भाई, गच्ची है किसके वास्ते?"

सेक्रेटरीभाईंनी आभाळाकडे बोट दाखवलं. "उत्तरायण माटे. पतंग माटे."

"साल में एक त्योहार, बाकी टाइम ताला? मिसयूज तो ये हुआ, भाई!"

माझाच शब्द, मीच नुकता शिकवलेला, आणि तिने तो असा ठेवून दिला की माझी छाती फुगली. सेक्रेटरीभाई हसले आणि किल्ली आणायला आत गेले.

घाटा अजून कोमट होता. आम्ही भराभर थापला. दुपारी वाळलेल्या बिबड्या खाली नेऊन आईने गच्ची अशी घासली की बोट ठेवावं तर डाग नाही. संध्याकाळी ती किल्ली परत द्यायला गेली, तर सेक्रेटरीभाईंनी घेतलीच नाही.

आता किल्ली आमच्या दारामागच्या खिळ्याला असते. उत्तरायणाला पतंग आणि मांजा घेऊन सेक्रेटरीभाई आमच्याच दारात उभे राहतात. आई त्यांना किल्ली देते आणि बजावते, "भाई, मिसयूज नहीं करने का."