एफ्रेन दोनदा म्हणाला होता

कॅप्टन अनुर वीरकोडी हा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं ऐकल्यावर तुम्हाला ते पटायचं नाही. माताऱ्याच्या एका शिक्षकाचा मुलगा, श्रीलंकेच्या हवाई दलात मालवाहू विमानं उडवलेला, आणि आखातातल्या या विमान कंपनीत सोळा वर्षं काढलेला. घर कंपनीचं, मुलांची शाळा कंपनीच्या खर्चाने, व्हिसाही कंपनीचाच. नोकरी गेली की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं.

त्याला एकच खोड होती. आपल्या घरच्या, म्हणजे कंपनीच्या मुख्य विमानतळावर आपण कधी न उतरता परत वर गेलो नाही, असं तो चारचौघांत मिरवायचा. आता यात मिरवण्यासारखं काय आहे, सांगा बरं.

मार्चमधल्या त्या दुपारी याच विमानतळावर उतरताना शेजारी एफ्रेन होता. मनिलाचा सहवैमानिक, नोकरीत आठच महिने झालेले, अजून कायम न झालेला. नियम साफ आहे: हजार फुटांवर वेग, उंची सगळं जागच्या जागी नसेल तर उतरायचं नाही, विमान पुन्हा वर न्यायचं. वेग जास्त होता. एफ्रेन म्हणाला, "गो अराउंड, सर." विमान खाली जातच राहिलं. तो पुन्हा म्हणाला, या वेळी मोठ्याने. वीरकोडीने माशी वारावी तसा हात हलवला. विमान निम्मी धावपट्टी ओलांडून टेकलं, करकचून ब्रेक लागले आणि दोन टायर फुटले. कुणाला खरचटलं नाही, एवढंच नशीब.

चौकशी लागली. विमान उतरल्यावर कॉकपिटमधला आवाज टिपणाऱ्या यंत्राचा वीजपुरवठा कुणी बंद केलाच नव्हता, त्यामुळे जुन्या बोलण्यावर नवं चढलं होतं. राहिले दोघांचे दोन कागद, वेगवेगळ्या खोल्यांत बसून लिहिलेले. एफ्रेनने घडलं तसं लिहिलं. वीरकोडी मात्र पेन धरून बराच वेळ बसला, मुलीचं बारावीचं वर्ष आठवलं, आणि त्याने लिहिलं: सहवैमानिकाने सावध केलं नाही.

सोळा वर्षांच्या शब्दापुढे आठ महिन्यांचा शब्द कोण धरतो? वीरकोडीला ताकीद आणि पुन्हा प्रशिक्षण. एफ्रेनला घरचा रस्ता. सावध केलं नाही म्हणून, आणि वर खोटं लिहिलं म्हणून.

वीरकोडीला अन्न गोड लागेना. आरशात बघून दाढी करायचीही लाज वाटू लागली. एफ्रेन निघायच्या आदल्या दिवशी तो त्याच्या घरी गेला. सगळं कबूल करायचं, मग पाहिजे ते होवो, असं गाडीत स्वतःला दहादा बजावलं होतं.

घरात खोक्यांना चिकटपट्ट्या लावणं चाललं होतं. एफ्रेनच्या बायकोने, मारिसेलने, पानसितची, म्हणजे त्यांच्याकडच्या परतलेल्या शेवयांची, ताटली त्याच्या हातात दिली आणि समोर बसली.

"कॅप्टन, एक विचारू? हा म्हणतो, मी दोनदा सांगितलं होतं. कंपनी म्हणते, खोटं. मला आता कळेनासंच झालंय. तुम्ही तर शेजारीच होतात."

एफ्रेनचा चिकटपट्टीवरचा हात थांबला. तिथे ना कंपनी होती, ना कागद. फक्त एका बाईला आपला नवरा खरा आहे की नाही, एवढंच कळायला हवं होतं.

वीरकोडीने घास गिळला. "मला तरी काही ऐकू आलं नाही, बाई," तो म्हणाला.

मारिसेलने नवऱ्याकडे बघितलं आणि उठून आत गेली. एफ्रेन रिवाजाप्रमाणे पाहुण्याला पोचवायला लिफ्टपर्यंत आला.

"सर, कंपनीचं जाऊ द्या," तो म्हणाला. "तिला तरी खरं सांगायचं होतंत."

वीरकोडीला मान वर करवली नाही. लिफ्टचं दार उघडं होतं; ते लवकर मिटावं म्हणून त्याने आत शिरून स्वतःच बटण दाबलं.