गौराबाईचा सहावा दिवस

२३ जुलै २०२४, मंगळवार. त्या दिवशी जिवाने मोखाड्याच्या स्टँडवरून पोशेऱ्याजवळच्या आपल्या पाड्याकडे जाणाऱ्या जीपवाल्याच्या हाती दोन हजार चारशे रुपये पाठवले. पाकिटावर स्वच्छ अक्षरात लिहिले : गौराबाई, सहा दिवस, दर चारशे.

जिवाचा हिशेब सहसा चुकत नसे. जव्हारच्या कॉलेजात बी.कॉम. झालेला, सरकारी कचेरीत लेखा विभागात तीस-बत्तीस वर्षे काढलेला माणूस. गौराबाई आणि तिची सून बायडी तीन दिवस त्याच्या बापाच्या खाचरात भाताच्या आवणीला, म्हणजे रोपे लावायला, आल्या होत्या. दोघींचे मिळून सहा दिवस. पाड्यावर याला सावड म्हणतात. तुमची माणसे आमच्या चिखलात उतरली, की तेवढेच दिवस आमच्या माणसांनी तुमच्या चिखलात उतरायचे. पण बाप, बुध्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. आई सुकरीचे गुडघे गेलेले. म्हणजे दिवस फेडायला जायचे जिवानेच, आणि ऑफिसात तर लेखापरीक्षण चाललेले. मजुरीचा दर चारशे. त्याने गुणाकार केला आणि विषय संपवला.

रविवारी तो पाड्यावर गेला तेव्हा गौराबाई बांधावरच भेटली. ती त्याच्याहून तीन-चार वर्षांनी मोठी, शेजारच्या भिकाची बायको. भिका जाऊन आठ वर्षे झाली होती.

"या जिवाभाऊ, माझी मजुरी पोचली बरं का. पावती देऊ?"

"तसं नाय, वहिनी. मला यायला जमत नव्हतं, म्हणून..."

"बरं केलंस. आता मागचं पण काढ. तू जव्हारला शिकत होतास तेव्हा तीन पावसाळे मी आणि भिका तुमच्या खाचरात होतो. तुमच्याकडून एकटा बुध्याबाबा यायचा. दोघांच्या बदली एक. पोरगा शिकतोय, म्हणून भिका गप बसायचा. त्याचा दर काय धरलास?"

बायडी तोंडाला पदर लावून हसली. जिवा घरी आला. बाप ओट्यावर बसून जुने इरले दुरुस्त करत होता. त्याने लेकाकडे पाहिले, गौराबाईने परत आणून दिलेले ते पैसे कनवटीतून काढले आणि लेकाच्या शर्टाच्या खिशात घातले. रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते.

"उद्यापासून मी जातो," एवढेच म्हणाला.

"बाबा, या वयात?"

"वाकवत नाय, पण रोपं काढायला वाकावं कुठं लागतं? बसून काढीन, मुठी बांधीन."

सुकरी चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "जिवा, तुला आठवड्याला दोन दिवस सुट्टी असते ना रे?"

जिवा म्हणाला, "असते, पण कामं असतात." शनिवार-रविवारी त्याला काय कामे असत ते त्यालाच माहीत होते. शिवाय त्याच्या खात्यावर तीनशे दिवसांची अर्जित रजा शिल्लक होती. निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे मिळतात, म्हणून त्याने ती वर्षानुवर्षे जपून ठेवली होती. हे तो आईला बोलला नाही.

बुध्या पाच दिवस गेला. सहाव्या दिवशी सकाळी थंडी भरून ताप आला. उतरायला आठवडा लागला, तोवर गौराबाईची आवणी उरकली होती.

पुढे पौषात, थंडीच्या एका पहाटे, बुध्या गेला. तापाने नाही. म्हातारा होता, गेला.

कार्याच्या आदल्या दिवशी जिवाचा मुलगा संदीप मोबाइल घेऊन आला. नाक्यावर श्रद्धांजलीचा फलक लावायचा होता. त्याने मजकूर वाचला : प्रेमळ पती, कर्तव्यदक्ष पिता, लाडके आजोबा. "बाबा, अजून काय टाकू? जन्मतारीख?"

"एक जानेवारी एकोणीसशे शेहेचाळीस," जिवा म्हणाला. ती तारीख आधारकार्डाच्या वेळी त्यानेच ठोकून दिली होती. खरी कुणालाच ठाऊक नव्हती. त्यानेही कधी विचारली नव्हती.

बाकीचे शब्द मात्र खरे होते, आणि तेच त्याला टोचत होते.

प्रेमळ पती. जिवा लहान असताना सुकरीला पाचवा महिना होता आणि ती झऱ्यावर घसरून पडली. ते मूल राहिले नाही. त्या दिवसापासून बुध्याने खांद्यावर कावड घेतली ती साठी उलटेपर्यंत. पाणी भरणे बायकांचे काम. पाड्यावरची पोरे त्याला 'पाणक्या' म्हणत. जिवालाही चिडवत, "पाणक्याचा पोर रे!" एकदा जिवा रडत घरी आला आणि बापाला म्हणाला, तू नको जाऊ पाण्याला. बुध्या हसला. "का रे, तहान काय तुझ्या आयेला एकटीलाच लागते?" दुसऱ्या दिवसापासून जिवा झऱ्याकडची वाट सोडून लांबच्या वाटेने शाळेत जाऊ लागला. बापाबरोबर दिसायला नको म्हणून.

कर्तव्यदक्ष पिता. त्याचे तीन पावसाळे गौराबाईने सांगितलेच होते. जिवाला आपण कॉलेजात कसे राहिलो याचा एक हिशेब पाठ होता : शिष्यवृत्ती इतकी, वसतिगृह इतके, बापाने भिवंडीच्या वीटभट्टीवरून आणलेले इतके. त्यात भिका आणि गौराबाई कुठेच नव्हते. रकाना आखलाच नव्हता, तर आकडा येणार कुठून?

लाडके आजोबा. नात प्रगती नाशिकला नर्सिंगला होती. पाड्यावर रेंज नाही. बुध्या दर रविवारी संध्याकाळी टेकडीवरच्या सादड्याच्या झाडापर्यंत चढायचा आणि तिला फोन लावायचा. "जेवलीस का?" आणि "पाऊस हाय का तिकडं?" याच्यापुढे त्याला फारसे काही विचारता येत नसे. पण रविवार चुकला नाही.

"बाबा," प्रगती म्हणाली, ती कार्यासाठी आली होती, "आजोबा पावसाळ्यानंतर दर वेळी फोनवर एक बोलायचे. गौरीचा एक दिवस राहिलाय. मी म्हणायचे, आजोबा, बाबांना सांगा. तर म्हणायचे, त्याला नको सांगू, तो परत पैसे पाठवील."

सुकरी भिंतीला टेकून बसली होती. संदीपला म्हणाली, "त्यात गौरीचा दिवस लिहिलास का?"

"आजी, असलं फलकावर लिहीत नाहीत."

"मग कशावर लिहितात?"

संदीपने बापाकडे पाहिले. जिवा मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने शेण सारवलेली जमीन उकरत होता, लहानपणी मार खाताना उकरायचा तशी.

फलक दुसऱ्या दिवशी नाक्यावर लागला. ऑफिसातली माणसे येऊन गेली. "वारघडे साहेब, वडील भाग्यवान, असा मुलगा मिळाला," असे एक जण म्हणाला. जिवाने हात जोडले. शेजारीच गौराबाई बसली होती. तिने फक्त त्याच्याकडे पाहिले, आणि तेवढ्यानेच त्याची मान आणखी खाली गेली.

१९ जुलै २०२५ ला, शनिवारी, जिवा पहिल्या जीपने पाड्यावर गेला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बापाचे इरले डोक्यावर घेतले आणि न सांगता गौराबाईच्या खाचरात उतरला.

"अगं बायडे, साहेब आले!" गौराबाई ओरडली. "त्यांना मुठी दे. बारीक दे."

जिवाने तीस-पस्तीस वर्षांत रोप हातात धरले नव्हते. त्याची ओळ वाकडी जाई, बायडी मागून न बोलता सरळ करी. तासाभराने कंबर धरली. तरी तो वाकूनच राहिला. भाकरीच्या वेळेला उठायला गेला तर उठवेना. दोघी सासू-सुनांनी धरून त्याला बांधावर बसवले.

गौराबाईने नागलीची भाकरी आणि सुकटाची चटणी त्याच्यापुढे ठेवली.

"बुध्याबाबा रोपाचं मूळ तुटू द्यायचा नाय," ती म्हणाली. "तू निम्मी तोडलीस."

"जेवण झाल्यावर उतरतो, वहिनी."

"उतरू नको. चिखलात पडलास तर तुझ्या आयेला मी काय सांगू? बस तिथंच."

तो बसला. पाऊस अंगावर घेत संध्याकाळपर्यंत बांधावर बसून राहिला. दोघी जणी त्याने लावलेल्या ओळी पुन्हा लावत होत्या, ते त्याला दिसत होते.

निघताना त्याने विचारले, "किती झाला म्हणायचा?"

"अर्धा," गौराबाई म्हणाली.

येत्या मे महिन्यात जिवा निवृत्त होईल. तीनशे दिवसांच्या रजेचे पैसे त्याला मिळतील. गौराबाईच्या घरचा सावडीचा अर्धा दिवस देणे बाकी आहे.