बोनेटवरची फ्लॉपी

अर्जुनी मोरगावात माझी धानाची गिरणी आणि गोंदियात तांदळाचं दुकान. दुकान सून पाहायची. गिरणीत कोणता तांदूळ किती उरला हे तिला रोज संध्याकाळी कळलं, तरच तिला सौदा करता येई. शाळा मी चौथीत सोडली, पण दिलेला शब्द कधी सोडला नाही.

दोन्हीकडे कॉम्प्युटर आले तेव्हा आकडे फ्लॉपीवर टाकून एसटीनं पाठवायचं मीच ठरवलं. जपून न्यायची वस्तू आमच्याकडे ड्रायव्हरजवळ, इंजिनच्या बोनेटवर ठेवतात. आजाऱ्याचं औषध, लग्नाच्या पत्रिका, सगळं तिथंच. फ्लॉपीही मी तिथंच ठेवायला लावली. एका उन्हाळ्यात ती तापून वाकडी झाली. सुनेनं आदल्या दिवशीच्या आकड्यांवर रायपूरच्या व्यापाऱ्याला तांदूळ कबूल केला, आणि तोच तांदूळ मी इकडं विकून बसलेलो.

"सेठजी, इस बार छोड़ दिया. अगली बार नहीं," एवढंच तो फोनवर बोलला. मला ते फार लागलं.

सून म्हणाली, "मामाजी, आता फोनच्या लाईनीवरून पाठवू."

"आपली लाईन तुले मालूम नाही काय? वांदर बसलं तरी तुटते."

"मंग बोनेटवरच बसून राहाचं काय?"

नागपूरहून एका कंपनीचा माणूस आला. त्यानं कॉम्प्युटरला मोडेम नावाची डबी जोडली, आकडे फोनवरून जायला लागले. मी उठलो आणि भिंतीतली फोनची पिन उपटली.

"चाचाजी, ये क्या किया!"

"लाईन रोज जे करते तेच."

पिन परत लावली, तर त्याचं सगळं पहिल्यापासून सुरू झालं. मी म्हटलं, "पोतं भरताना लाईट गेली तं आम्ही भरलेलं धान सांडून देतो काय? जमत नाही."

दुसरा आला, त्याचंही तेच. सून हसली, "मामाजी, एखाद्या दिवशी पिनेसंगं भिंत येईन हातात."

"येऊ दे. पण शब्द दुसऱ्यांदा जाणार नाही."

शेवटी तिनंच गोंदियातून एक प्रोग्राम शोधला. लाईन तुटली की थांबायचं, आली की तिथूनच पुढं. किंमत जास्त होती. मी पिन उपटून पाहिली, पुन्हा उपटली. तिसऱ्यांदा सुनेनं माझा हात धरला. घेतला तो.

पावसाळ्यात एका संध्याकाळी वारा सुटला आणि लाईन गेली. सुनेचा मोबाईलवर फोन आला, "मामाजी, आकडे अर्धेच आले. रायपूरचे सेठ दुकानात बसून हायेत. आजच तांदूळ पक्का करा म्हणतात."

"चहा पाज त्याईले. पुरे आकडे आल्याशिवाय हो म्हणू नको."

मी कॉम्प्युटरपुढं बसून राहिलो. लाईन आली. आकडे थांबले होते तिथून पुढं सरकले.

"आले, मामाजी! ते मागतात तेवढा नाही निघत. आहे तेवढाच सांगू?"

"तेवढाच सांग."

त्यानं तेवढाच घेतला. सकाळी तो ट्रक मी स्वतः उभा राहून भरून दिला.