सासरचं दूध

माझे सासरचे लोक खोसा जमातीचे, दक्षिण आफ्रिकेतले. त्यांच्याकडे नवी सून सासरचं आंबवलेलं दूध पीत नाही तोवर ती घरची नाही, पाहुणीच. खरं तर हे सगळं गावी व्हायचं, पण नवऱ्याला इथली नोकरी सोडून जाता येईना. मग सासूबाईच नणंदेला घेऊन न्यू जर्सीत आमच्या घरी आल्या. आल्या आल्या त्यांनी फ्रिज बघून नाक मुरडलं आणि दुधाची बरणी हीटरशेजारी ठेवली. घरभर वास! मला फार आवडल्या त्या.

बाबा पार्सिपनीत राहतात, आमच्यापासून वीस मिनिटांवर. आई मी शाळेत असतानाच गेली. बाबांनी मला एकट्यानं वाढवलं. ऑफिसला जायच्या आधी माझ्या वेण्या घालायचे, वाकड्यातिकड्या, पण घालायचे. माणूस वाईट नाही, असं मी स्वतःला कितीदा तरी सांगितलंय. पण जावई काळा आहे म्हटल्यावर त्यांचं शिक्षण, अमेरिकेतली इतकी वर्षं, सगळं कुठल्या कुठे गेलं. कोर्टातल्या लग्नाला ते आलेच नाहीत. या कार्यक्रमाला या म्हणून फोन केला, तर म्हणाले, "बघतो गं, वीकेंडला काय काय आहे ते."

त्यांच्या 'बघतो'चा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी ते मटण खात नाहीत म्हणून मी सकाळी वरणभात लावला. मूर्खपणा, दुसरं काय.

दुपारी सासूबाईंनी माझ्या डोक्याला कपाळ झाकेल असा रुमाल बांधला, खांद्यांवर ब्लँकेट पांघरलं आणि मला दाराजवळ चटईवर बसवलं. चटई आपल्या इंडियन ग्रोसरीतली. सुनेनं मान वर करायची नाही, त्यामुळे बेल वाजली की मला नुसते बूट दिसायचे. नवऱ्याच्या मित्रांचे, त्यांच्या बायकांचे, शेजाऱ्यांचे. बाबांचे टाच झिजलेले तपकिरी बूट काही येईनात.

भाजलेलं मटण आलं. दुधाचं भांडं माझ्या हातात आलं आणि मी ते नुसतं धरून बसले. एकदा प्यायले की झालं, मग ते आले तरी काय उपयोग? बायकांचं गाणं थांबलं. मटण गार व्हायला लागलं. सासूबाई माझ्याशेजारी टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, "वडिलांची वाट बघतेस?"

मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी लेकाकडून नंबर घेतला आणि स्वतःच फोन लावायला आत गेल्या.

परत आल्या त्या हसतच. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "किती सभ्य माणूस! म्हणाले, माझ्यासाठी मुळीच थांबू नका, तुम्ही खुशाल सुरू करा."

बायकांनी एकच जल्लोष केला. मुलीच्या बापाचा शब्द आला होता, आणि त्यांच्याकडे त्या शब्दाला फार मान. नणंदेनं तर मला मिठीच मारली.

बाबांचा तो सूर मला पाठ आहे. काहीतरी विकायला फोन करणाऱ्यांशी ते असेच गोड बोलतात आणि फोन ठेवून देतात. पण हे मी त्या माउलीला कुठल्या तोंडानं सांगणार होते? मी भांडं तोंडाला लावलं आणि सगळं दूध पिऊन टाकलं. आंबट होतं की कसं, मला आजही सांगता येणार नाही, इतकी मी रडत होते.

नणंद घाबरली आणि मला उठवायला लागली. सासूबाईंनी तिचा हात धरला.

"रडू दे तिला," त्या म्हणाल्या. "बापाचं घर सोडताना पोरीनं रडायचंच असतं."