आलू निघेपर्यंत

दिवाळीच्या तोंडावर आई बार्शीटाकळीच्या घरी न्हाणीत घसरली आणि हात मोडून बसली. घरात एकटीच. शेजारीण सहज डोकावली म्हणून कळलं तरी. मी तिला अमरावतीला घेऊन आले. हाताला प्लास्टर असतानाच तिनं माझ्या टोपलीतले कोंब फुटलेले आलू मागच्या अंगणात लावले आणि वर जाहीर केलं, "हे निघाले का मी चालली आपल्या घरी. पोरीच्या दारी किती दिवस पडून राहावं मानसानं?"

तेव्हा मी हसले होते. माघात पानं पिवळी पडायला लागली तसं माझं हसू आटलं. तिनं पाणी तोडलं. झाडं माना टाकू लागली. घरात माझा पाय ठरेना. चहा ठेवला की तो उतू जाईपर्यंत मी अंगणात.

पाणी तुटलं की आपली काळी माती तडकते. भेगेतून ऊन शिरलं की आलू हिरवा होतो आणि हिरवा आलू खाण्यात घेत नाहीत. म्हणजे झाडं वाळली की खोदायला उशीर करायचा नाही. मी मात्र सकाळ-संध्याकाळ भेगा बुजवत सुटले. तेवढेच चार दिवस पदरात.

"काहून बुजवून राहिली? झाडं वाळले ना आता."

"साल कच्ची आहे अजून," मी ठोकून दिलं.

तिनं बोटांनीच माती उकरली, एक आलू काढला आणि त्यावर अंगठा घासला. कच्च्याची साल लगेच सुटते. याची जागची हलली नाही. आलू माझ्या हातावर ठेवून ती आत गेली.

रविवारी खोदायला बसलो. झाडापासून लांब खुरपं घालून मग हातानं माती सारायची, हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी मी बुंध्यातच खुरपं हाणत होते. कचाकच आलू कापले गेले.

"राग माह्यावर हाय, तर आलूवर काहून काढते?" आई म्हणाली.

मी धुवायला बादली आणली, तर तिनं ती पालथीच केली. धुतलेले आलू सडतात. नुसती माती झटकून ते पडवीच्या सावलीत पोत्यावर पसरायचे. साल वाळली की दिवाणाखाली अंधारात कोरड्या रेतीवर ठेवायचे, कांद्यापासून दूर. अधूनमधून चाळवायचे आणि नासका दिसला की लगेच काढायचा.

मला वाटलं, आता हीच संधी.

"हे सगळं मला नाही जमायचं. उन्हाळाभर थांब ना तू."

"तुले सगळं जमते."

"मला भीती वाटते गं," शेवटी मी बोलूनच टाकलं. "पुन्हा पडलीस तर? कोण बघणार तिथं?"

ती आलू निवडत राहिली. मग म्हणाली, "भेव मलेबी लागते. म्हणून का आता आलूवानी तुह्या दिवाणाखाली पडून राहू?"

तिनं पिशवी ओढली आणि कापलेले आलू त्यात भरायला घेतले.

"अगं, चांगले घे ना."

"चांगले तुले ठेव. कापलेले टिकत नाही, आधी खा लागते," ती म्हणाली. "एकल्या मानसाले इतके पुरतात."