अजून दिवस हाय

त्रिशलाक्का मगदूम बेळगावात एका शाळेत क्लार्क. सकाळच्या पॅसेंजरनं रायबागहून यायचं, संध्याकाळच्या पॅसेंजरनं परतायचं, अशी एकोणीस वर्षं. बाई मऊ, पण हट्टाला पक्की. जैन घरातली, मुनीमहाराजांसमोर नेम घेतलेला, दिवस मावळला की अन्नाला शिवायचं नाही. त्यात साखरेचा आजार. वेळेवर पोटात काही गेलं नाही की हातपाय थरथरायचे. म्हणून संध्याकाळचं जेवण गाडीतच. साखरेनं नजरही अधू झालेली. घड्याळ दाखवलं तर म्हणायची, "घड्याळाचं काय खरं? दिवस बघून सांगा."

दिवस बघायचं काम राजाबाईचं. भाजी विकून रिकाम्या बुट्ट्या घेऊन पाच्छापूरला उतरणारी ही म्हातारी. पश्चिमेची खिडकी तिची. आक्कानं डबा काढला की ती बाहेर बघून सांगायची, "अजून दिवस हाय गं आक्का, जेव निवांत."

मीही रोजची त्याच गाडीची. आक्कासमोर बसायची, आणि मला डोळे आहेत. थंडीत गाडी रखडली की राजाबाई चक्क अंधारात दिवस दाखवायची. एकदा दारापाशी गाठून मी तिला झापलं. ती म्हणाली, "मंगल, उपाशी मरंल की ती. पाप लागलं तर मला लागू दे. तू गप बस." मी गप्प बसले. दुसऱ्याच्या नेमात नाक खुपसणारी मी कोण?

गेल्या मे महिन्यात राजाबाई वारली. उन्हाळ्यात दिवस मोठे, आक्काचं निभावलं. डिसेंबरात मात्र गाडी सुळधाळच्या अलीकडे क्रॉसिंगला अडकली. कामाच्या गडबडीत आक्का दुपारीही जेवली नव्हती.

"मंगल, दिवस गेला का गं?"

बाहेर मिट्ट काळोख. राजाबाईसारखं खोटं माझ्या तोंडून फुटेना. "गेला," मी म्हणाले.

तिनं काढलेला डबा झाकला. थोड्या वेळात ती घामानं भिजली, ओठ पांढरे पडले. मी साखर पुढं केली तर मान फिरवली. मला माझाच संताप आला. एक शब्द बोलायला काय जात होतं माझं?

राजाबाईच्या जागी त्या दिवशी कोणी बसलं नव्हतं. आक्का एकदम तिकडं वळली. "व्हय? बघा की, ही मंगल म्हनतीया गेला म्हनून," असं हसून बोलली आणि डबा उघडून जेवायला लागली.

मी दचकून बघितलं. तिच्या भाकरीवर, बोटांवर उतरतं ऊन पडलं होतं. बाहेर काळोख तसाच. माझ्या मांडीवर ऊन नव्हतं, पलीकडं पेंगणाऱ्या माणसावर नव्हतं. शेवटचा घास झाला आणि ऊन गेलं.

पाच्छापूरला गाडी थांबली. कोणी उतरलं नाही, तरी दाराला बुट्टी घासल्याचा आवाज झाला.

हात पुसत आक्का म्हणाली, "मंगल, खरं सांग. राजाबाई माझ्याशी कधी खोटं बोलली न्हाय न्हवं?"

मी आधाराला खिडकीचा गज धरला. त्या थंडीत तो तापलेला होता.

"न्हाय," मी म्हणाले.

त्या खिडकीत आता मी बसते. उशीर झाला तरी सांगते, अजून दिवस हाय. पाप लागायचं ते राजाबाई आणि मी वाटून घेऊ.

परवा मी तोंड उघडायच्या आतच ते कोणीतरी माझ्या कानाशी म्हणालं. आक्का जेवायला लागली होती. मी गप्प बसले.