करवंदी बंदरातला सूर्य

"मॅडम, हा सूर्य चुकीच्या बाजूला मावळतोय."

लक्ष्मी आमच्या टीममधली सगळ्यात नवी टेस्टर. तिच्या स्क्रीनवर करवंदी बंदर होतं. संध्याकाळची वेळ, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या आणि पाण्यात अर्धा बुडालेला लाल गोळा. हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिलं होतं की आता ते मला दिसतच नव्हतं. मी म्हटलं, ठीक तर आहे, काय झालं?

तिने शेजारी गेममधला नकाशा उघडला. करवंदी बंदर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर होतं. म्हणजे समोरचा समुद्र पूर्वेला. आणि सूर्य त्याच समुद्रात चालला होता.

"आमच्याकडे तो समुद्रातून वर येतो," ती म्हणाली. लक्ष्मी वाढली कल्याणात, पण तिचं आजोळ आंध्रच्या किनाऱ्यावर आहे.

मी खुर्ची ओढून बसले.

आमचं ऑफिस ठाण्यात, वर्तकनगरला. आम्ही कॉम्प्युटर गेम बनवतो. त्यातली 'बारा बेटं' ही आमची सगळ्यात जुनी मालिका. खंडू नावाचा खलाशी मामाने दिलेला नकाशा घेऊन घरातून निघतो आणि बेटामागून बेटं पालथी घालतो, एवढीच गोष्ट. तिचे पाच भाग झाले होते आणि सहावा चालू होता. मी टेस्टिंग लीड, तिसऱ्या भागापासून. टेस्टरला दिवसभर गेम खेळायचा पगार मिळतो अशी माझ्या सासरच्या मंडळींची पक्की समजूत आहे. प्रत्यक्षात आम्ही एकाच भिंतीला शंभरदा धडकून बघतो की माणूस आरपार तर जात नाही ना. गेला, तर तो बग, म्हणजे चूक. ती नोंदवायची, ज्याची त्याला दुरुस्त करायला लावायची, मग पुन्हा धडकायचं.

त्या महिन्यात आम्ही दुसरा भाग रीमास्टर करत होतो. जुनाच गेम नव्या कॉम्प्युटरवर नीट दिसावा म्हणून चित्रं नव्याने रंगवायची, गोष्टीला हात लावायचा नाही, याला रीमास्टर म्हणतात. त्यात हा सूर्य निघाला.

इतकी वर्षं तो कुणालाच कसा दिसला नाही, याचं उत्तर सोपं आहे. आमचा बॉस विनायक हर्णैकडचा. गोष्ट लिहिणारा मालवणचा. मी डोंबिवलीची, पण समुद्र पाहिला तो दिवेआगरला आणि गुहागरला. सूर्य समुद्रात मावळतो ही आमच्या लेखी दिशा नव्हतीच, समुद्र असाच असतो असं आम्ही धरून चाललो होतो. लक्ष्मी यायच्या आधी आमच्या ऑफिसात उलट्या बाजूचा समुद्र पाहिलेलं माणूसच नव्हतं.

विनायकला दाखवलं. तो चित्र आधी सरळ, मग मान वाकडी करून बघत राहिला. करवंदीचं मूळ चित्र त्यानेच काढलं होतं, कंपनीत तीन माणसं आणि एक टेबल होतं तेव्हा. तो वैतागला, मग हसला, आणि म्हणाला की गुपचूप दुरुस्त करून टाका. आर्टिस्टने सूर्य पुसून आकाश नुसतं जांभळं केलं. मी बग बंद केला. आमच्या धंद्यात याहून साधं काम नसतं.

गेम बाजारात आणण्याआधी आम्ही तो काही निवडक चाहत्यांना खेळायला देतो. त्याला बीटा म्हणतात. त्या यादीत शहाडची मुग्धा होती. 'बारा बेटं'च्या चाहत्यांची वेबसाइट ती चालवते. गेम दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिचा मेल आला, दोन वाक्यांचा: "करवंदीचा सूर्य काढलात? आता खंडू घरी कसा जाणार?"

मला काही कळेना. चाहते काय लिहितात ते मी कधी वाचत नसे. खऱ्या चुका निस्तरता निस्तरता पुरेवाट होते, त्यात लोकांच्या कल्पना कुठे वाचायच्या? पण या मेलने डोकं पोखरलं. जेवणाच्या सुट्टीत तिची वेबसाइट उघडली आणि डबा तसाच राहिला.

तिथे जे होतं ते थोडक्यात असं. करवंदीला सूर्य समोरच्या समुद्रात मावळतो, म्हणजे तो किनारा खरा पश्चिमेचा. म्हणजे मामाने दिलेला नकाशाच उलटा आहे. खंडूला वाटतं तो घरापासून लांब लांब जातोय, प्रत्यक्षात तो वळसा घालून घराकडेच येतोय. आणि चौथ्या भागात ज्या शत्रूच्या बेटावर तो रात्री आग लावतो, ते बेट त्याचं स्वतःचं. मागच्या बाजूने त्याने ते कधी पाहिलेलं नाही, म्हणून ओळखलं नाही. जळालेली वाडी त्याच्या आईची.

पुरावाही दिला होता. शत्रूच्या बेटाची किनारपट्टी उलटी केली की खंडूच्या बेटावर चपखल बसते. ती बसणारच. चौथ्या भागाच्या वेळी हातात वेळ नव्हता, म्हणून पहिल्या भागातलंच बेट फिरवून वापरलं होतं. तो शॉर्टकट माझ्यासमोर मारला गेला होता. लोकांनी त्यातून एक पोरका झालेला माणूस शोधून काढला होता.

यावर दोन तट होते. एक म्हणे मामाने मुद्दाम फसवलं, भाच्याने परत येऊ नये म्हणून. दुसरा म्हणे मामा निर्दोष, त्यालाही तो नकाशा कुणीतरी असाच दिला असणार. वर्षानुवर्षं ही माणसं भांडत होती, आणि मधूनच एकमेकांच्या मुलांच्या निकालाची चौकशी करत होती.

मला वाईट वाटलं, हे सरळच सांगते. एका क्लिकवर मी हे सगळं पुसून टाकलं होतं.

मी विनायकला वाचायला दिलं. तो केबिनचं दार लावून बसला आणि संध्याकाळी बाहेर आला तो वेगळाच माणूस होऊन. सूर्य त्याच दिवशी परत बसवला. इथवर बरं झालं. पण पुढे तो म्हणाला की सहाव्या भागासाठी आपण ठाण्यात एका कॉलेजच्या सभागृहात चाहत्यांचा कार्यक्रम ठेवतोय, तिथे जाहीर करू की हे सगळं आपण पहिल्यापासून ठरवलेलं होतं. मामा दोषी, हेही सांगून टाकू. आणि स्टेजवर मी त्याच्या शेजारी बसून दुजोरा द्यायचा. टेस्टिंग लीडच हो म्हणतेय म्हटल्यावर कोण शंका घेणार?

"ताई, आणि तो बग ॲज डिझाइन्ड करून टाक," तो म्हणाला.

हे समजावून सांगायला हवं. बग बंद करताना कारण लिहावं लागतं. चूक दुरुस्त झाली तर 'फिक्स्ड'. चूक आहे, पण आम्ही ती तशीच ठेवणार, तर 'वोंट फिक्स'. आणि ती चूक नाहीच, आम्हाला असंच हवं होतं, तर 'ॲज डिझाइन्ड'. टेस्टरच्या शब्दाला जी काही किंमत असते ती या तीन खणांमधल्या फरकात असते.

"तू ठरवलं होतंस का?" मी विचारलं.

"नव्हतं ठरवलं. पण लोकांनी एवढा विचार केलाय. त्यांना काय सांगू, मला पूर्व-पश्चिम कळत नव्हती?"

"मग नको सांगूस."

"त्यांना आनंदच होईल ना ताई. कोणाचं काय जातंय?"

विनायक वाईट माणूस नाही. त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. मी म्हटलं, बघते. मग कोणाचं काय जातंय ते बघायला मी मुग्धालाच फोन केला.

ती डोंबिवलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मी डोंबिवलीतच राहते. तिचं काम सुटल्यावर फडके रोडवरच्या एका हॉटेलात भेटलो. तिशी ओलांडलेली, चष्मा, खांद्याला डब्याची पिशवी. मी अहो-जाहो केलं तर म्हणाली, अगं म्हणा, मी लहान आहे. तिने मिसळ मागवली आणि मी सगळं सांगून टाकलं. ऑफिसातली गोष्ट बाहेर सांगायची नाही असं आम्ही नोकरीला लागताना लिहून देतो. तरी सांगितलं. सूर्य ही चूक, किनारपट्टी हा शॉर्टकट, मामाच्या मनात काय होतं हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नाही, आणि येत्या शनिवारी आमचा बॉस स्टेजवरून उलटं सांगणार आहे.

ती पाव मोडत राहिली. रडेल किंवा चिडेल असं मला वाटलं होतं.

"चूक आहे ते मला माहितीये ताई," ती म्हणाली. "पहिल्यापासून. अख्खा गेम कोकणातल्या माणसांनी बनवलाय हे लगेच कळतं. बारा बेटं आहेत आणि बाराही ठिकाणी सुपारीची बाग."

"मग एवढं सगळं लिहिलंस ते?"

"तुमची चूक आहे. खंडूला कुठे माहितीये? त्याच्यासमोर सूर्य मावळतोय. हातातला नकाशा सांगतो ही पूर्व. मग त्याने काय समजायचं?"

मी इतकी वर्षं या क्षेत्रात आहे. चूक कुठून आली हे मी नेहमी विचारते. चुकीच्या आत उभ्या असलेल्या माणसाला काय दिसतं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, मग बॉसने ठरवलेलं होतं असं सांगितलं तर तुला चालेल? तर तिने चमचा खाली ठेवला.

"नाही चालणार. सर बोलले ना की मामा दोषी, की संपलं. अर्धी माणसं जिंकली, अर्धी हरली. मग परत कोण कशाला येईल बोलायला? ताई, लॅबमध्ये दिवसभर मी असते आणि रक्ताच्या बाटल्या असतात. घरी आई टीव्ही लावून बसते. माझं जे काय बोलणं आहे ना, ते त्या लोकांशीच आहे."

बिल तिने मला देऊ दिलं नाही आणि मीही तिला देऊ दिलं नाही. थोडी झटापट होऊन ते अर्धं-अर्धं झालं.

शनिवारी सकाळी मी विनायकला गाठलं. सांगितलं की मी दुजोरा देणार नाही, आणि मुग्धाला सगळं सांगून आले आहे. तो भडकला. परस्पर कसं सांगितलंस, विचारायचं तरी, हे सगळं झालं आणि ते रास्तही होतं. मग मी त्याला तिचं शेवटचं बोलणं सांगितलं. कार्यक्रम होऊ दे, मग बघू तुझ्याकडे, एवढं म्हणून निघून गेला. आपली नोकरी आजच्यापुरती आहे, असं धरून मी स्टेजवर बसले.

सभागृह भरलं होतं. कॉलेजची मुलं तर होतीच, पण केस पिकलेलेही बरेच होते. मुग्धा तिसऱ्या रांगेत. तिच्या एका बाजूला जळगावचे बँकेतले गृहस्थ, मामा दोषी म्हणणारे. दुसऱ्या बाजूला पेणच्या एक शिक्षिका, मामा निर्दोष म्हणणाऱ्या. तिघं एकाच पुडीतून शेंगदाणे खात होती.

तो प्रश्न पहिलाच आला. एका मुलाने उभं राहून विचारलं, करवंदीचा सूर्य तुम्ही मुद्दाम ठेवलाय का?

विनायकने माईक उचलला. "खरं सांगायचं तर, आम्ही सुरुवातीपासूनच..." आणि थांबला. मी त्याच्याकडे बघत नव्हते, मुग्धाकडे बघत होते. तिने पुडी मिटली होती आणि ती खाली मान घालून बसली होती. विनायकलाही ती दिसली असणार.

"याचं उत्तर आमच्या टेस्टिंग लीड देतील," असं म्हणून त्याने माईक माझ्या हातात दिला.

त्याने सुटका करून घेतली की वाट मोकळी करून दिली, हे मला आजही ठरवता येत नाही. मी माईक तोंडाशी नेला आणि टेस्टर जे सांगू शकतो तेवढंच सांगितलं.

"करवंदीला सूर्य समुद्रात मावळतो. आम्ही तपासलंय. यापुढेही तिथेच मावळेल."

सगळे हसले, मग टाळ्या वाजल्या. मुग्धाने पुडी उघडली.

माझी नोकरी टिकली. विनायक काही दिवस माझ्याशी फक्त ऑफिसच्या चॅटवर बोलला, मग एकदा चहाला हाक मारली. बग मी पुन्हा उघडून 'वोंट फिक्स' म्हणून बंद केला आणि त्याने ते पाहून काही म्हटलं नाही. वेबसाइटवर आठवडाभर माझ्या वाक्याची चिरफाड चालली होती. बाई 'पश्चिमेला' म्हणाल्या नाहीत, 'समुद्रात' म्हणाल्या, यात मोठी खूण आहे असं जळगावच्या गृहस्थांचं म्हणणं पडलं. चूक होती ही गोष्ट मुग्धाने कुणालाही सांगितली नाही.

या प्रकरणातून मी एकच कामाची गोष्ट शिकले. बग काढण्याआधी त्यात कुणी राहायला आलंय का, ते बघून घ्यावं.

सहावा भाग आता बाजारात आहे. परवा लक्ष्मीने त्यात एक चूक पकडली: शेवटच्या किनाऱ्यावर विहीर आहे, पण विहिरीवर वाकलेल्या म्हातारीची सावली पडत नाही. दुरुस्ती पाच मिनिटांची. मी आधी मुग्धाला मेसेज केला, काढू की ठेवू?

तिचं उत्तर आलं, "थोडं थांबा ना ताई. पेणच्या बाई म्हणतायत की ती खंडूची आई आहे."

मी थांबले आहे.